नॅरोबोटवर सात रात्री: केनेट अँड एव्हन कालवा, आम्ही दोघं आणि एक पाना

सुरंगी (धागाकर्ती)

गेल्या सप्टेंबरात लेकीकडे इंग्लंडमध्ये रेडिंगला गेलो होतो. परत आल्यापासून चार-पाच जणींनी व्यनि (खाजगी निरोप) करून "ते बोटीचं काय ते सांग" म्हटलं, म्हणून एकदाच धागा काढते.

आधी आमच्याबद्दल. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. ३४ वर्षं कालवे, चाऱ्या, दारं, आवर्तनं (शेतीसाठी पाळीपाळीनं सोडलेलं कालव्याचं पाणी) आणि आवर्तनावरून होणारी भांडणं. त्यामुळे लेक जेव्हा म्हणाली, "बाबा, यंदा तुम्हाला कालव्यावर सुट्टीला पाठवते", तेव्हा ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. "अगं, जन्म गेला कालव्यावर. आता पदरचे पैसे देऊन?"

पहिले चार दिवस भाड्याची गाडी होती. आपला परवाना तिथे वर्षभर चालतो आणि गाडी डावीकडूनच चालवायची, त्यामुळे ह्यांना वाटलं सोपं आहे. मुख्य रस्त्यांवर सोपंच होतं. पण खेड्यांकडे वळलं की रस्ता एका गाडीपुरता, दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच कुंपणझाडी, आणि समोरून ट्रॅक्टर. मग मागे मागे जात ती रुंद जागा शोधायची. बिबरी, लेकॉक, एव्हबरी पाहिलं. बिबरीबद्दल लिहीत नाही, फोटोत दिसतं तसंच आहे आणि फोटो काढणारेच जास्त आहेत. एव्हबरी मात्र मनात राहिलं. हजारो वर्षांपूर्वीचं दगडांचं प्रचंड वर्तुळ, आणि त्याच्या आत चक्क गाव वसलेलं. मेंढ्या त्या दगडांना अंग घासत होत्या.

ह्यांचा खाक्या ठरलेला. सकाळी यादी, संध्याकाळी टिकमार्क. चौथ्या दिवशी मी म्हटलं, आता बास.

पाचव्या दिवशी ट्रोब्रिजजवळच्या एका मरीनातून (बोटी लावून ठेवायची जागा) बोट घेतली. ४८ फूट लांब, जेमतेम सात फूट रुंद. म्हणजे पीएमपीच्या मोठ्या बसच्या सव्वापट लांब आणि तिच्याहून अरुंद. आत पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, कोळशाची छोटी भट्टी. बोट चालवायला परवाना लागत नाही. एका मुलानं तासभर शिकवलं, हातात 'विंडलास' नावाचा एल आकाराचा लोखंडी पाना ठेवला आणि वाटेत उडी मारून उतरून गेला. झालं!

वेगमर्यादा ताशी चार मैल. कडेला बांधलेल्या बोटींजवळून तर इंजिन नुसतं पुटपुटत ठेवायचं, नाहीतर त्यांचे चहाचे कप हिंदकळतात आणि खिडकीतून डोकी बाहेर येतात. समोरून बोट आली तर आपण उजवीकडे व्हायचं, रस्त्याच्या बरोबर उलट. वळवायला मागच्या टोकाला टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा. तो डावीकडे ढकलला की नाक उजवीकडे जातं. पण लगेच नाही. दांडा ढकलावा आणि रामरक्षेची एक ओळ म्हणावी, मग ४८ फुटांवरचं ते नाक हलायला लागतं.

पहिल्या दिवशी टिलर अर्थातच ह्यांच्याकडे, कारण इंजिनिअर. दुसऱ्या दिवशी अ‍ॅव्हनक्लिफ आलं. तिथे कालवा नदीवरून दगडी पुलानं पलीकडे जातो. हो, खाली नदी, वर कालवा, आणि कालव्यात आपण. पुलावर शिरताना जवळजवळ काटकोनात वळण आहे. ह्यांनी दांडा ढकलला, नाक हललं नाही म्हणून अजून ढकलला, मग घाबरून उलटा ढकलला. बोट आडवी होऊन दोन्ही काठांना टेकली. टोपाथवर (पूर्वी बोटी ओढणाऱ्या घोड्यांची वाट, आता चालणाऱ्यांची) एक आजोबा कुत्रा घेऊन उभे होते. ते शांतपणे म्हणाले, रोजच होतं इथे.

त्यानंतर टिलर माझ्याकडे आला तो शेवटपर्यंत. मला जमलं, कारण मला कुठे पोचायचंच नव्हतं.

ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन ते बाथ रेल्वेनं पंधरा मिनिटं लागतात. आम्हाला दीड दिवस लागला. वाटेत ब्लॅकबेरी तोडल्या, राखी बगळा आमच्या पुढे पुढे उडत काठावर बसत राहिला, पाऊस आला आणि गेला. कालव्याला समांतर रेल्वे आहे. दर थोड्या वेळानं गाडी धडधडत जायची आणि मागून पुन्हा इंजिनाचं टुकटुक ऐकू यायचं. ह्यांनी तिसऱ्या दिवशी घड्याळ काढून ठेवलं. मी बोलले नाही काही. बोलले असते तर परत घातलं असतं.

लॉक (बोट वर-खाली करायचा, दारं असलेला हौद) आणि पाण्याची गंमत प्रतिसादांत लिहीन, पोळ्या करायच्यात.

टवाळ

म्हणजे पैसे आपण द्यायचे, बोट आपण हाकायची, दरवाजे आपण ढकलायचे, संडासाची टाकीही आपणच रिकामी करायची? याला आमच्याकडे नोकरी म्हणतात.

ओवी_क

टवाळ 😂

सुरंगीताई, मस्तच! खर्चाचा अंदाज द्याल का? आणि आईचे गुडघे दुखतात, तिला झेपेल का? व्हेज जेवणाचं काय केलंत?

सुरंगी

ओवी, सप्टेंबरच्या मध्यात शाळा सुरू झालेल्या असतात म्हणून भाडं उतरतं. आम्हाला आठवड्याचे ११८० पौंड पडले, डिझेल वेगळं. रात्री काठाला बांधून राहायला बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत. दोन लोखंडी खुंट्या हातोड्यानं ठोकायच्या आणि दोर बांधायचा, म्हैस बांधतो तसंच. हे खुंट्या ठोकण्यात एकदम तरबेज निघाले.

जेवण: शेगडीवर पिठलं, भात, मुगाची खिचडी. ज्वारीचं पीठ लेकीनं दिलं होतं. पबमध्ये व्हेज मिळतंच. टवाळराव, टाकी पंपानं उपसून देतात, मरीनात. फक्त आमच्या टाकीचा काटा बंद होता आणि कंपनीला फोन केला तर "झाकण उघडून बघा" म्हणाले. पुढचं विचारू नका.

गुडघ्यांचं: बोटीत चढउतार दीड-दोन फुटांची आहे आणि लॉकवर चढायला पायऱ्या. टिलरशी बसून चालवायला काही हरकत नाही, पण मग लॉकचं काम करायला दुसरं धडधाकट माणूस हवं.

तासगावकर

ताई, एक शंका. येवढं पाणी भरून कालवा वाहतोय आणि त्यावर शेती करत नाहीत? आमच्याकडं कालव्याला पाणी सुटलं की रात्रीत मोटरी बसत्यात.

सुरंगी

तासगावकर, हाच प्रश्न ह्यांनी पहिल्या संध्याकाळी विचारला! म्हणून हे उत्तर ह्यांनी सांगितलेलं, मी टंकते आहे.

"आपला कालवा पाणी वाहून नेतो, म्हणून त्याला सतत उतार द्यावा लागतो. इंग्रजांचा कालवा बोटी वाहून नेतो, पाणी नाही. त्याला उतार नकोच. प्रत्येक लॉकपर्यंत तो सपाट असतो. म्हणजे कालवा नव्हेच तो, लांबट तळ्यांची जिन्यासारखी रांग आहे. ब्रॅडफर्डच्या लॉकपासून बाथच्या लॉकपर्यंत नऊ मैल एकच पातळी. डोंगराच्या अंगाखांद्यानं नेलाय, आणि जिथे जमलं नाही तिथे नदी ओलांडलीय."

शेतीला तिकडे पाऊसच पुरतो. आणि आमच्या पुढ्यात तर तो रोज पडत होता.

मिडलँड्सकर

मी रग्बीजवळ राहतो, ऑक्सफर्ड कालवा घरापासून चालत वीस मिनिटं. काकांनी फार छान सांगितलंय. थोडी भर.

पाणी 'फक्त बोटींसाठी' असतं असं सगळीकडे नाही. ब्रिस्टलच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा ग्लॉस्टर-शार्पनेस कालव्यातून येतो.

इकडचे मधल्या भागातले लॉक सात फुटीच आहेत, एका वेळी एक बोट. म्हणूनच नॅरोबोट इतकी अरुंद. काकूंचा केनेट अँड एव्हन रुंद आहे, १४ फुटी, दोन बोटी शेजारी शेजारी मावतात.

हे सगळं जाळं पर्यटनासाठी नव्हतं, हे आता कुणाच्या लक्षात येत नाही. १७६१ मध्ये ब्रिजवॉटरच्या ड्यूकनं वर्स्लीच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला कालव्यानं आणला आणि तिथे कोळशाचा भाव निम्म्यावर आला. एक घोडा रस्त्यावर जेवढं ओढेल त्याच्या कितीतरी पट पाण्यावर ओढतो, एवढंच गणित. मग १७९० च्या दशकात कालव्यांच्या शेअरचं वेड लागलं. पुढे रेल्वे आली आणि सगळं बसलं. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले, आणि उरलीसुरली मालवाहतूकही जवळपास तिथेच संपली.

एक महत्त्वाचं. लॉकमध्ये खाली उतरताना बोटीचा मागचा भाग वरच्या दारापासून लांब ठेवा. दाराखाली काँक्रीटचा किंवा दगडाचा ओटा असतो, त्याला 'सिल' म्हणतात. भिंतीवर पांढरी रेघ असते तिच्या पुढे राहायचं. पाणी उतरलं आणि मागचा भाग ओट्यावर अडकला की पुढचा भाग खाली जातो आणि बोट बुडते. पडलात तर कालव्यात उभं राहता येतं, पण लॉकमध्ये नाही.

ओवी_क

बाप रे. आईला सांगत नाही हे.

बखरकार

गाडीनं फिरताना सेझिनकोट केलंत का? मॉर्टन-इन-मार्शजवळ आहे. कॉट्सवोल्डच्या पिवळ्या दगडात मुघल धाटणीचा वाडा, वर तांब्याचा कांद्यासारखा घुमट. ईस्ट इंडिया कंपनीत पैसा मिळवून आलेल्या चार्ल्स कॉकरेलनं १८०५ च्या सुमारास भावाकडून बांधून घेतला. बागेतलं हिंदू पद्धतीचं देऊळ आणि पूल थॉमस डॅनिएलनं आखले. हाच डॅनिएल म्हणजे सवाई माधवराव पेशव्यांच्या पुण्याच्या दरबारात इंग्रज वकील मॅलेट १७९० चा तह करतोय ते प्रसिद्ध चित्र काढणारा. तो स्वतः तिथे हजर नव्हता, जेम्स वेल्सनं करून ठेवलेल्या अभ्यासचित्रांवरून त्यानं १८०५ मध्ये ते रंगवलं. म्हणजे एकीकडे शनिवारवाडा रंगवत होता आणि त्याच काळात इंग्रजांच्या बागेत देऊळ उभारत होता.

टवाळ

आणि पैसा कुणाचा? आपला. यांच्या वाड्यांचं आणि कालव्यांचं कौतुक आपणच करायचं.

मिडलँड्सकर

टवाळ, वाड्याबद्दल पूर्ण सहमत. कालव्यांबद्दल इतकं सरळ नाही. बहुतेक कालवे स्थानिक व्यापारी, जमीनदार, कुंभारकाम आणि कोळशाच्या धंद्यातल्या लोकांनी शेअर काढून बांधले. त्या व्यापारात साम्राज्याचा पैसा मिसळलेला होताच, ब्रिस्टलसारख्या बंदरात तर गुलामांच्या व्यापाराचाही. पण खणले ते फावड्यानं, 'नॅव्ही' म्हणवणाऱ्या मजुरांनी. त्यांच्या नावानं कुठे घुमट नाहीत.

सुरंगी

बखरकार, सेझिनकोट बाहेरूनच पाहिलं. खाजगी घर आहे, ठरावीक दिवशीच उघडतं, आम्ही गेलो तो दिवस नेमका नव्हता. ह्यांच्या यादीतली एकमेव न झालेली टिक.

पण तुम्ही विषय काढलात म्हणून सांगते. रेडिंगपासून जवळ स्टोक रो नावाचं लहानसं गाव आहे, तिथे काशीच्या महाराजांची विहीर आहे! एडवर्ड रीड नावाचा तिथला अधिकारी आपल्याकडे असताना त्यानं १८३१ मध्ये आझमगडला विहीर खोदवली होती. त्यानं काशीनरेशांना आपल्या गावाकडच्या पाण्याच्या हालांबद्दल सांगितलं, आणि महाराजांनी इंग्लंडच्या खेड्याला विहीर भेट दिली. १८६४ मध्ये खुली झाली. ३६८ फूट खोल, रुंदी फक्त चार फूट, सगळी हातानं खणलेली. वर घुमटी आणि रहाटाच्या यंत्रावर सोनेरी हत्ती. हे वाकून वाकून खाली बघत होते. म्हणाले, "चार फुटांत आत बसून खणणारा माणूस कोण असेल?" तिथल्या पाटीवर महाराजांचं नाव आहे.

टवाळराव, तेव्हा त्यांच्याकडे पाण्याचे हाल आणि दानधर्म आपला. असंही होतं कधी.

अनामिक_वाचक

वाचनखूण साठवली. लॉकबद्दल लिहिणार होतात ना?

सुरंगी

हो हो. पोळ्या झाल्या.

परत फिरून आम्ही पूर्वेला निघालो. सेमिंग्टनला दोन लॉक, मग सीन्डला पाच, सगळे चढणीचे. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना भारी लाकडी दारं असलेला दगडी हौद. बोट रिकाम्या हौदात आणायची, मागची दारं लावायची, आणि पान्यानं पुढच्या झडपा उचलायच्या. दात्यांवर पाना फिरवताना कट-कट-कट आवाज येतो, आणि मग खालून पाणी उसळायला लागतं. बोट दोरानं धरून ठेवावी लागते, नाहीतर ती बावचळल्यासारखी पुढे-मागे धावते. भिंतीवरचं ओलं शेवाळ हळूहळू खाली जातं, मग काठावरचं गवत नजरेसमोर येतं, मग ह्यांचे बूट, मग हे.

पाणी दोन्हीकडे सारखं झाल्याशिवाय शंभर माणसं लावली तरी दार हलत नाही. सारखं झालं की दाराच्या लांब तुळईला पाठ टेकवून नुसतं मागे रेलायचं. सुरुवातीला काहीच होत नाही, आणि मग ते एवढं धूड लोण्यातून गेल्यासारखं सरकतं. पहिल्यांदा दार सरकलं तेव्हा ह्यांनी तुळईवरूनच मला हात केला. लग्नाला ३६ वर्षं झाली, स्टेशनवर सोडायला आले तरी हात न करणारा माणूस.

सीन्डच्या पहिल्या लॉकनंतर हे किराणाच्या पावतीमागे हिशेब करत बसले. ७२ फूट लांब, १४ रुंद, पाणी चढलं साधारण आठ फूट. आले सव्वादोन लाख लिटर! एका वेळचे! माणशी १३५ लिटरनं सतराशे लोकांचं एका दिवसाचं पाणी, आणि ते आम्ही दोन म्हातारे खिचडी शिजवत वर जावं म्हणून. त्या क्षणापासून ह्यांनी एकट्यानं लॉक वापरायला बंदी केली. मागून दुसरी बोट येईपर्यंत थांबायचं, म्हणजे एका पाण्यात दोघी जातील. तिकडची पद्धतही तीच आहे हे नंतर कळलं. एकदा पाऊण तास थांबलो. कुणी आलं नाही. चहा झाला, पुन्हा चहा झाला. शेवटी एक बाई एकटीच बोट घेऊन आली, तर हे पाटकऱ्यासारखे धावत पुढे गेले दार धरायला.

तासगावकर

काकांना आमच्याकडं धाडा. आवर्तनाला लई उपयोग होईल.

मिडलँड्सकर

हे पाणी वर परत कसं जातं ते पाहिलंत का? क्लॅव्हर्टन लागलं असेल वाटेत.

सुरंगी

लागलं आणि सुदैवानं उघडं होतं, आणि आमचा अर्धा दिवस तिथेच गेला. जॉन रेनी, ज्यानं हा कालवा आखला, त्याचंच पंपघर, १८१३ चं. एव्हन नदीवर २४ फूट रुंद पाणचक्की. नदीच चक्की फिरवते आणि चक्की त्याच नदीचं पाणी ४८ फूट वर कालव्यात चढवते. डिझेल नाही, वीज नाही, बिल नाही. १९५२ पर्यंत चाललं. आता रोजचं काम विजेचे पंप करतात, पण स्वयंसेवक ठरावीक दिवशी जुनं चालवून दाखवतात. चाकाचे दाते ओकच्या लाकडाचे. मी बाहेर येऊन स्वेटर विणत बसले. आतून ह्यांचा आवाज येत होता, "पण उपसा किती?" ह्यांचं इंग्रजी खात्याचं आणि समोरच्या आजोबांचं विल्टशायरचं, तरी दोन तास बोलले.

शेवटी केन हिल पायीच पाहिलं. डिव्हायझेसला चढायला दोन मैलांत २९ लॉक, उंची २३७ फूट. मधले १६ तर सरळ रेषेत एकावर एक, टेकडीला जिना कोरल्यासारखे. बोटीनं पाच-सहा तास लागतात. प्रत्येक लॉकच्या बगलेला मोठं तळं खणलंय, कारण दोन लॉकमधलं अंतर इतकं कमी की पाणी साठवायला जागाच नाही. हा कालवा मध्यंतरी बुजून गेला होता, झाडं उगवली होती. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं गाळ काढला आणि १९९० मध्ये इथेच राणीनं तो पुन्हा खुला केला. हे वरच्या टोकाला उभे राहून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दारं कुणीतरी वेळेवर ग्रीस केलीयत."

ओवी_क

काका 😂❤️ पण ताई, शीर्षकातला पाना राहिला!

सुरंगी

अगं हो. सीन्डच्या चौथ्या लॉकला मी हौस म्हणून पाना घेतला आणि दुसऱ्या मिनिटाला तो पाण्यात. डुबुक. दुसरा पाना बोटीत होता, पण हे म्हणाले सरकारी मालमत्ता अशी सोडायची नाही. तेवढ्यात ती एकटी बोट चालवणारी बाई आली. ती वर्षभर बोटीतच राहते. कायमची जागा नाही, त्यामुळे चौदा दिवसांहून जास्त एका ठिकाणी थांबता येत नाही, हलत राहावं लागतं. बाथमधली घरभाडी ऐकली की पटतं. तिनं काही न बोलता आतून दोरी बांधलेलं लोहचुंबक आणलं आणि हौदाबाहेरच्या पाण्यात सोडलं. पहिल्या खेपेला एक पाना वर आला, पण गंजून लाल, आमचा नव्हेच. दुसऱ्या खेपेला सायकलची साखळी. तिसऱ्यांदा आमचा.

गंजका पाना तिनं ह्यांना देऊन टाकला. तो विमानाच्या सामानातून मुंबईला आला. कस्टमवाल्यानं बॅग उघडायला लावली आणि विचारलं, हे काय आहे? आता ह्यांना हा प्रश्न विचारायचा म्हणजे! लॉक, झडप, उतार, सव्वादोन लाख लिटर, सगळं झालं. मागे रांग वाढत होती. शेवटी तो म्हणाला, "साहेब, तुम्ही जा."

टवाळ

काकांना विचारा, त्या पान्यानं आमच्या सोसायटीचा व्हॉल्व्ह फिरेल का. तीन दिवस पाणी नाही.

सुरंगी

विचारलं. म्हणतात, व्हॉल्व्ह किती इंची आहे?